पहिली चूक कुणाच्या पोटात?

"ऑपरेशनला हात बसतो तो खऱ्या पेशंटवरच, बाकी सगळे संगणकाचे खेळ." आमच्या नात्यागोत्यातल्या डॉक्टर मंडळींकडून हे इतक्यांदा ऐकलंय की आता लिहायलाच हवं. (भाचे-पुतणे हे वाचतात. वाचाच!)

संगणकात अवयवाचे हजारो बारीक तुकडे कल्पून प्रत्येक तुकडा शेजारच्याला किती ओढतो, ढकलतो हे सतत मोजायचं, असं ते गणित. डोळ्यांना सेकंदाला तीसेक चित्रं पुरतात. पण हाताला मऊपणा खरा वाटायला सेकंदाला सुमारे हजार वेळा जोर बदलून द्यावा लागतो. त्यात कापलं की आकारच बदलतो, पुन्हा नवी मांडणी. तेव्हा हुबेहूब यकृत अजून अवघडच, आणि 'अगदी खऱ्यासारखं' म्हणून महागडी यंत्रं विकणाऱ्यांवर माझाही विश्वास नाही.

पण हुबेहूब हवंच कशाला? अमेरिकेत येल विद्यापीठात १६ शिकाऊ सर्जनांवर प्रयोग झाला, २००२ साली तो छापून आला. काहींना आधी संगणकावर सराव दिला. त्यात यकृत नव्हतं की पित्ताशय नव्हतं, नुसते गोळे नि चौकटी! मग सगळ्यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याचं खरं ऑपरेशन केलं. यकृतापासून पित्ताशय सोडवण्यात सराव केलेले २९ टक्के जलद ठरले. आणि सराव न केलेल्यांकडून पित्ताशयाला इजा होण्याची किंवा भलतीच जागा भाजण्याची शक्यता पाचपट निघाली.

पाचपट! आता हा हात बसवायचा तो कुणाच्या पोटात? खाजगीत पैसे मोजणारा "मोठे डॉक्टरच करतील ना?" असं आधी विचारून घेतो. सरकारी वॉर्डात खाली गादी टाकून पडलेला शेतमजूर विचारत नाही. आम्ही पोरांना आधी पाटीवर गिरवायला लावत होतो, वही नंतर. पाटी म्हणजे वही नव्हे, म्हणून कुणी पाटी फेकून दिल्याचं मला आठवत नाही.

रक्त बघून हात कापतो, त्याचं काय? कबूल, ते मोठ्या सर्जनच्या शेजारी उभं राहूनच जाणार. पण चिमटा धरायला तरी आधी शिकून या की!

पैसे नाहीत म्हणाल, तर फ्रान्सच्या इन्रिया संस्थेने इतरांबरोबर केलेली 'सोफा' नावाची प्रणाली २००७ पासून सर्वांना खुली आहे, फुकट. आपल्याकडे गावोगाव इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत, मेडिकल कॉलेजंही कमी नाहीत. दोघांची गाठ घालून द्यायला कुणी मास्तर हवा असेल तर मी रिकामाच बसलोय.