बेडूक, चमचा आणि ज्येष्ठातली मरळ

मासा गळाला लागण्याआधी माणूस दुकानदाराच्या गळाला लागतो, असे आमच्या घरात माझ्याविषयी उघड बोलले जाते. या खेपेस मात्र दुकानदार निर्दोष होता. विस्कॉन्सिनला असणाऱ्या भाच्याने तिकडच्या 'मस्की' माशासाठी वापरतात ती खोटी आमिषे पेटीभर आणून दिली होती. मस्की म्हणजे तिकडच्या तळ्यांतला वाघच! चार-चार फूट वाढणारा, आणि दहा हजार वेळा गळ फेकावा तेव्हा एकदा लागणारा, अशी त्याची ख्याती. विस्कॉन्सिनने तर १९५५ साली त्याला राज्याचा मासा म्हणून मान दिला.

"मामा, आपल्याकडे याचा भाऊबंद कोण?" भाच्याने विचारले.

"मरळ!" मी तत्काळ सांगितले.

नाते रक्ताचे नाही, स्वभावाचे आहे. दोघेही पाणगवतात दबा धरून बसणारे आणि भक्ष्य टप्प्यात आले की झडप घालणारे. मरळीचे एक अधिक म्हणजे ती वर येऊन हवेतला श्वास घेते. बाजारात टोपलीत वळवळणारी मरळ आपण घेतो ती याच गुणामुळे. बिचारीचा गुणच तिला महाग पडतो.

ज्येष्ठाच्या आरंभी पेटी घेऊन बहिणीकडे ब्रह्मपुरीला गेलो. वैनगंगा जवळच, पलीकडे गडचिरोली जिल्ह्यातले वडसा. पण त्या दिवसांत नदीत पाण्यापेक्षा वाळूच फार. म्हणून मामा तलाव गाठला. हे 'मामा' म्हणजे माजी मालगुजारी बरे का! १९५० नंतर मालगुजारी गेली, तळी सरकारकडे आली, आणि चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या भागांत नाव तेवढे राहिले. मासे धरण्याचा ठेका इथे ढिवर मंडळींच्या संस्थेकडे होता. रीतसर पैसे भरून परवानगी घेतली. संस्थेचे एक म्हातारेबाबा पाळीवर बसले होते. मी पेटी उघडून सगळा संसार मांडला. बाबांनी नीट पाहून घेतले.

"काहून जी साहेब, मासे धराले आले का दुकान मांडाले?"

वीतभर लांबीचा रंगीत लाकडी मासा त्यांनी प्रथम बाजूला सारला. त्याच्या पोटाला तीन-तीन काट्यांचे गळ लोंबत होते; पहिल्याच फेकीला कमळाच्या वेलीत अडकून तो तिथेच नांदला असता. फिरत्या पात्याचे आमिषही गेले, कारण पात्याला शेवाळ गुंडाळले की त्याची गरगर थांबते. चकचकीत चमचा उघड्या पाण्यासाठी ठेवला. राहिला रबरी बेडूक. पोटातून पोकळ, आणि गळाची दोन टोके पाठीला चिकटून वर वळलेली. पानांवरून तो अडकल्याविना घसरत येतो. माशाने तोंडात दाबला की अंग चेपते आणि टोके उघडी पडतात. पाणी उसळले म्हणून लगेच हिसका द्यायचा नाही, तंगूस ताठ होईपर्यंत दम धरायचा. हा दम मला साठाव्या वर्षी साधला.

संध्याकाळी पानांच्या कडेला बेडूक टाकला. तिथे पाण्यावर कुंकू सांडल्यासारखा तांबूस डाग हलत होता. मला वाटले, शेवाळ असेल. तिसऱ्या फेकीला पाणी फाटले. दीड-दोन किलोची मरळ! बहिणीने झणझणीत रस्सा केला, भावजींनी दोनदा भात घेतला, आणि भाच्याला फोटो गेला.

सकाळी पुन्हा त्याच जागी. तांबूस डाग आता विसकटला होता. जवळून पाहिले, तर बोटाच्या पेराएवढी पिल्ले! एकीकडे दहा, दुसरीकडे वीस. आणि खालून लहान मासे त्यांना टिपत होते. काठावर एक बगळाही सावकाश न्याहारी करीत होता.

"यायचा राखणदार काल तुमी नेला जी," बाबा म्हणाले. आवाजात राग नव्हता, तेच अधिक लागले.

"मला वाटले, ती भुकेने आली."

"भुकेनं नाही येत ते. पिल्लावर बेडूक आला म्हणून राग येते त्याले. तांबडं दिसलं का आमी तिकडं जाळं टाकत नाही."

म्हणजे माझ्या अमेरिकन बेडकाची करामत एवढीच, की ती पोरांवर धावून येणाऱ्या आईबापाला हमखास सापडते! परवानगीच्या पावतीवर हे कुठे लिहिलेले नव्हते, आणि असते तरी मी काल ते वाचले असते असे छातीवर हात ठेवून सांगवत नाही.

उरलेला दिवस पाळीच्या बाजूला, उघड्या पाण्यात चमचा फेकण्यात गेला. बाबा शेजारी बिडी ओढत बसले. काही लागले नाही. दुपारी त्यांनी शिदोरीतली भाकर दिली, मी बहिणीने दिलेल्या धपाट्यांतले अर्धे दिले.

भाच्याने नंतर फोनवर विचारले, "मामा, कोणते आमिष चालले?" मी चमच्याचे नाव सांगितले. तो हुशार आहे, म्हणाला, "फोटोत तर बेडूक दिसतोय." मग सगळी हकिकत सांगावी लागली. बेडकाचे गळ मी पकडीने काढून टाकले आहेत. हल्ली तो धाकट्या नातवाच्या आंघोळीच्या बादलीत पोहतो.