आईचे प्रगतिपुस्तक

गेल्या वर्षी गणेशोत्सवातील पाठांतर स्पर्धेत माझा चौथीतला मुलगा मनाचे श्लोक म्हणायला उभा राहिला. घरी वीस श्लोक घडाघडा म्हणणारा मुलगा सातव्यालाच अडला. बाईंनी पुढचा शब्द सुचवून पाहिला, तरी त्याला आठवेना. तो माझ्याकडे बघत होता आणि मी बघत होते शेजारी बसलेल्या बाईंकडे. त्यांच्या मुलीने नुकतेच वीसच्या वीस श्लोक न चुकता म्हटले होते.

घरी येताना स्कूटरवर मी त्याच्याशी एक शब्दही बोलले नाही. राजवाड्याच्या अलीकडे मागून आवाज आला, "आई, तुला माझी लाज वाटून राहिली आहे का?"

खरे सांगायचे तर हे ऐकून पहिल्यांदा माझ्या मनात आले ते हे, की 'वाटून राहिली' हे हिंदी वळणाचे मराठी सुधारायला हवे. त्याने काय विचारले ते नंतर उमगले. त्या रात्री मला झोप लागली नाही. वीस श्लोक मी ठरवले होते, पाठही मीच करून घेतले होते. त्या दिवशी स्पर्धेला खरे म्हणजे मीच उभी होते.

पालक मैत्रिणींनो, हा अनुभव माझ्या एकटीचा नसावा, म्हणूनच लिहिते आहे. मुलांना वर्षातून दोन-तीनदा प्रगतिपुस्तक मिळते. आपण मात्र स्वतःचे प्रगतिपुस्तक रोज भरत असतो. कुणाच्या डब्यात काय होते, कुणाचा प्रकल्प सुबक होता, कुणाची मुलगी तबला शिकते. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवाळीच्या किल्ल्याचे फोटो येतात. त्यातले निम्मे किल्ले आयांनी केलेले असतात हे आपल्या सर्वांना ठाऊक असते, तरीही आपला किल्ला पाहून आपण खट्टू होतो. नोकरी करणारीला वाटते, मुलाला वेळ देत नाही. घरी असणारीला वाटते, दिवसभर घरी असूनही मूल मागे पडले. हळदीकुंकवाला गेलो तर वाण हातात पडायच्या आत प्रश्न येतो, "कितवा आला?" आपल्या इंदूरला स्वच्छतेत २०१७ ते २०२३ असा ओळीने सात वेळा पहिला नंबर मिळाला. त्याचा अभिमान मलाही आहे. पण पहिल्या नंबराची सवय आपण स्वयंपाकघरात आणि अभ्यासाच्या टेबलापर्यंत आणली आहे.

डोनाल्ड विनिकॉट नावाचे एक इंग्रज बालरोगतज्ज्ञ होते. लंडनच्या एका मुलांच्या रुग्णालयात त्यांनी सुमारे चाळीस वर्षे काम केले, बीबीसी रेडिओवरून आयांशी संवाद साधला. १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात त्यांनी 'गुड इनफ मदर' असा शब्दप्रयोग केला. आपण तिला 'पुरेशी चांगली आई' म्हणू. त्यांचे म्हणणे असे, की तान्ह्या बाळाची प्रत्येक गरज आई जवळजवळ तत्काळ भागवते; मूल वाढते तशी ती हळूहळू थोडी कमी पडू लागते आणि ते तसेच व्हायला हवे. या कमी पडण्यातूनच मूल वाट पाहायला आणि स्वतः धडपडायला शिकते.

पुढे एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आई आणि तान्हे बाळ यांच्या व्यवहाराचे बारकाईने निरीक्षण केले. त्यांना आढळले, की अगदी छान नाते असलेल्या जोड्यांमध्येही सूर जुळलेला असतो तो साधारण ३० टक्के वेळ. बाकीचा वेळ सूर चुकण्यात आणि पुन्हा जुळवण्यात जातो. या पुन्हा जुळवण्यालाच त्यांनी महत्त्व दिले.

आदर्श आई म्हटले की आपल्याला 'श्यामची आई' आठवते. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. त्यातला पोहण्याचा प्रसंग पुन्हा वाचून पाहा. विहिरीला घाबरून लपून बसलेल्या श्यामला ती मारून पोहायला पाठवते आणि नंतर रुसलेल्या मुलाला जवळ घेऊन त्याची समजूत काढते. म्हणजे तीही रागावत होती, तिचाही हात उठत होता. त्या काळी मार चाले, आज मी त्याचे समर्थन करणार नाही. पण ती परत मुलाजवळ गेली, हे मुलाच्या जन्मभर लक्षात राहिले.

कुणी म्हणेल, मग मुलांना मोकळे सोडायचे का? शिस्त हवीच, अभ्यासही हवा. फक्त मोजताना शेजारचे मूल मध्ये आणू नये. मराठीचेच घ्या. होळकरांच्या काळापासून आपली घराणी इथे आहेत आणि उंबऱ्याबाहेर सगळा व्यवहार हिंदीत चालतो. अशात कुणाचे मूल शुद्ध मराठी बोलते याची आपल्यात चुरस असते. त्यापायी मी मुलाला वाक्यावाक्याला टोकत असे. परिणाम असा झाला, की तो माझ्याशीही हिंदीत बोलू लागला. तिथे त्याची चूक निघत नव्हती. आता मी टोकत नाही, आधी ऐकून घेते. वाक्ये अजून तशीच हिंदी वळणाची असतात, पण मराठीत असतात.

शाळेच्या विश्वस्त मंडळापुढे आणि शिक्षकांपुढे तीन नम्र सूचना ठेवते. चौथीपर्यंतच्या पाठांतर स्पर्धेत नंबर काढू नयेत; जो मंचावर उभा राहील त्या प्रत्येकाला एक छोटे पुस्तक द्यावे. पालकसभेत मुलाची तुलना त्याच्याच मागच्या सहामाहीशी करावी आणि गुण सर्वांसमोर वाचू नयेत. प्रकल्प शाळेतच, मुलांच्या हातून करून घ्यावेत. वेडेवाकडे झाले तरी चालतील. चौथी सूचना घरातल्यांसाठी आहे. पालकसभेला वडिलांनीही यावे आणि मुलाचे काही चुकले की "तुझे लक्ष कुठे असते?" असे आईला विचारणे आजी-आजोबांनीही थांबवावे.

त्या रात्रीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुलाला सांगितले, "हो, काल मला थोडी लाज वाटली होती. चूक माझी होती." तो डब्यातली पोळी बघत म्हणाला, "ठीक आहे." यंदा त्याने फक्त पाच श्लोक म्हणायचे ठरवले आहे. कोणते, तेही त्यानेच ठरवले. तो म्हणत असताना मी त्याच्याकडेच बघणार आहे.