ओवलेल्या सुया

झाशीच्या सदर बाजारात दिवाळीची चाहूल सगळ्यांत आधी शिंप्याच्या दुकानात लागते. छावणीतले जवान सुट्टीवर निघतात, त्याआधी प्रत्येकाला गणवेश नीट करून हवा असतो. कुणाची नावाची पट्टी उसवलेली, कुणाला बढतीची नवी फीत लावायची, आणि प्रत्येकाची गाडी परवाचीच. आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसणारे मास्टरजी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. मशीन मुलगा चालवतो. फिती आणि बिल्ल्यांचे हातकाम मात्र अजून त्यांच्याकडेच येते, कारण त्यांचा टाका शोधूनही सापडत नाही.

त्यांना आता सुई ओवता येत नाही. रोज सकाळी शाळेत जायच्या आधी त्यांचा नातू उंबऱ्यावर उजेडात बसतो आणि बारा सुया ओवून ठेवतो. हिरव्या दोऱ्याच्या सहा, काळ्याच्या चार, पांढऱ्याच्या दोन. फ्लॅनेलच्या एका जुन्या लाल तुकड्यावर त्या ओळीने टोचलेल्या असतात. मास्टरजी एकेक उचलतात आणि दोरा संपला की रिकामी सुई तुकड्याच्या दुसऱ्या टोकाला टोचतात. संध्याकाळी त्या तुकड्याकडे पाहिले की दिवस कसा गेला ते कळते. मी एकदा विचारले, वाईट वाटते का? ते म्हणाले, "बहनजी, आँख गई है, टाँका थोड़े ही गया।"

आमच्या यंदाच्या दिवाळी अंकाचा विषय वार्धक्य, हे तिथेच ठरले.

मी 1978 साली लग्न होऊन भुसावळहून पंजाब मेलने झाशीला आले. तेव्हा इथला विभाग मध्य रेल्वेत होता, मुंबईच्या कारभाराखाली. भुसावळ-नागपूरकडची माणसे बदलीवर येत, दोन वर्षांसाठी म्हणून येत आणि इथेच घर बांधत. 2003 मध्ये विभाग उत्तर मध्य रेल्वेत गेला आणि तो ओघ आटला. मुले पुण्याला, नोएडाला, बंगळुरूला गेली. इथल्या मराठी घरांत (आम्हाला शेजारीपाजारी अजून 'दक्षिणी'च म्हणतात) आता बहुतेक ठिकाणी दोन माणसे राहतात, काही ठिकाणी एकच. आमच्या अंकाचे वाचक मुख्यतः हेच. मीही त्यांच्यातलीच, एकोणसत्तर वर्षांची. त्यामुळे हे लिहिणे लांबून पाहिलेल्या गोष्टीविषयी नाही.

वय म्हणजे नुसता आकडा, असे हल्ली शुभेच्छापत्रांवर छापलेले असते. मला ते पटत नाही. वय म्हणजे गुडघा. वय म्हणजे जिना उतरताना आपोआप कठड्याकडे जाणारा हात. रात्री तीनला उघडणारे डोळे, आणि त्या वेळी नेमकी आठवणारी, आता फोन लावायला उरली नाहीत अशी माणसे. हे सगळे दडपून हसतमुख राहा असे सांगणारे लेख या अंकासाठी पुष्कळ आले. आम्ही ते नम्रपणे परत केले. आम्हाला ऐकायचे होते ते हे, की डोळे गेल्यावर टाका कुणी कसा राखला.

झाशीत बसून या विषयावर लिहिताना एक अडचण येते. हे शहर तारुण्यातल्या मरणाने ओळखले जाते. राणी लक्ष्मीबाई 1858 च्या जूनमध्ये ग्वाल्हेरला धारातीर्थी पडल्या. जन्मवर्ष 1828 धरले तर त्यांनी तिशीही पाहिली नाही. इथे पुतळ्यांत, चित्रांत, शाळेच्या भिंतींवर त्या घोड्यावर आहेत, पाठीशी मूल बांधलेले, तलवार उगारलेली. आमच्या मुली लहानपणी एकदा तरी तसा वेष करून फोटो काढून घेतातच. माझ्या लेकीचाही आहे. त्या चेहऱ्यावर कधी सुरकुती यायची नाही.

पण त्या प्रत्यक्षात कशा होत्या हे मराठीत ज्यांनी सांगितले, त्यांनी ते सांगितले तेव्हा त्यांचे केस पिकले होते.

विष्णुभट गोडसे हे पेणजवळच्या वरसईचे भिक्षुक. जन्म 1827 चा, म्हणजे राणीसाहेबांहून जेमतेम वर्षाने मोठे. घरावर कर्ज होते. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, दक्षिणा भरपूर मिळणार अशी वार्ता कानावर आली आणि 1857 मध्ये काकांबरोबर ते उत्तरेकडे निघाले. निघाले ते थेट बंडाच्या वणव्यात. झाशीला वेढा पडला तेव्हा ते शहरात होते. 3 एप्रिल 1858 ला इंग्रजी फौज तट ओलांडून आत आली, आणि मग जी कत्तल आणि लूट चालली तीही त्यांनी लपून बसून पाहिली. कमावलेले गेले. पुन्हा कमावले, तेही गेले. असे करत ते वरसईला पोहोचले, तेव्हा ज्या पैशासाठी घर सोडले होते तो हाती नव्हता. खांद्यावर गंगाजलाची कावड होती. त्या पाण्याने त्यांनी आईवडिलांना स्नान घातले.

हे सारे त्यांनी लगेच लिहून काढले असते तर आपल्याला वेगळे पुस्तक मिळाले असते. ते लिहायला बसले 1883 च्या सुमारास, पंचवीस वर्षे उलटून गेल्यावर, स्वतः पंचावन्नी ओलांडल्यावर, चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून. 'माझा प्रवास' छापून आला 1907 मध्ये. तोवर गोडसे राहिले नव्हते. वैद्यांनी मजकुरात बराच हात फिरवला होता. मूळ हस्तलिखिताला धरून प्रत निघायला 1966 उजाडले, आणि ती सिद्ध करणारे दत्तो वामन पोतदार तेव्हा पंचाहत्तरीच्या घरात होते. मधल्या काळात अमृतलाल नागरांनी ते 'आँखों देखा गदर' या नावाने हिंदीत नेले, म्हणून आमच्या शेजारच्या गुप्ताइनलाही विहिरीवरचा प्रसंग ठाऊक आहे.

तो प्रसंग काल्पीच्या बाजूचा. राणीसाहेबांचा पराभव झालेला. वाटेतल्या एका विहिरीपाशी गोडसे आणि त्यांचे सोबती असताना घोडेस्वार येतात. त्यांत राणीसाहेब, पुरुषी वेषात, अंगभर धूळ, तहानेने व्याकूळ. गोडसे मातीचे भांडे विहिरीत सोडायला पुढे होतात. त्या त्यांना थांबवतात. विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी काढू नये असे त्यांना वाटते. दोर स्वतःच्या हातात घेतात, पाणी शेंदतात आणि ओंजळीने पितात. हरलेल्या, पाठलाग चालू असलेल्या, थोड्याच दिवसांत या जगातून जाणाऱ्या त्या बाईंच्या वागण्यातली अदब, एका कर्जबाजारी भटजींनी पंचवीस वर्षे जशीच्या तशी जपून ठेवली.

मी हे पुस्तक पहिल्यांदा वाचले ते पंचविशीत. तेव्हा फक्त राणीसाहेब दिसल्या. साठीनंतर पुन्हा वाचले आणि या खेपेला गोडसे दिसले. आयुष्यात एवढे लुटले गेलेल्या माणसाने लुटीचीच आठवण कुरवाळत बसायला काही हरकत नव्हती. आपल्यातले पुष्कळ जण त्याहून कितीतरी कमी गमावून तसे बसतात. पण त्यांच्या लिहिण्यात झाशीच्या राजवाड्यातले चैत्रातले हळदीकुंकू आहे. राणीसाहेबांचा व्यायाम, त्यांची घोड्यांची पारख आहे. तिथल्या ग्रंथसंग्रहाची धूळधाण झाली त्याची हळहळ आहे, आणि ती हळहळ स्वतःच्या गेलेल्या पैशाइतकीच खरी आहे. दुःख त्यांनी लपवले नाही. त्याच्या शेजारी बाकीच्या गोष्टींनाही जागा ठेवली. म्हातारपणी मन चांगले राहणे म्हणजे काय, हे मला याहून नीट कुठे सापडलेले नाही.

दोघांचे वय जवळजवळ एक. राणीसाहेब तिशीच्या आत गेल्या, भटजी घरी जाऊन म्हातारे झाले. त्या काळी चाळिशी-पंचेचाळिशीत माणसे सहज जात. गोडसेही तसे गेले असते तर विहिरीवरची ती ओंजळ त्यांच्याबरोबर गेली असती.

याच दिवसांतली आणखी एक तारीख माझ्या मनात याला चिकटून बसली आहे. झाशी पडली 3 एप्रिलला, आणि पंधराच दिवसांनी, 18 एप्रिल 1858 ला, कोकणात धोंडो केशव ऊर्फ अण्णासाहेब कर्वे जन्मले. महिला विद्यापीठ त्यांनी काढले ते 1916 मध्ये, अठ्ठावन्नाव्या वर्षी, म्हणजे आपल्याकडे पूर्वी सेवानिवृत्तीचा नारळ देत त्या वयात. एकाहत्तराव्या वर्षी जगप्रवासाला निघाले. खेड्यांत प्राथमिक शिक्षण पोहोचावे म्हणून 1936 मध्ये नवे मंडळ स्थापले तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते, आणि समता संघ काढला तेव्हा शहाऐंशी. त्या मानाने आमच्या झाशीचे दुसरे दैवत, मेजर ध्यानचंद, लवकर गेले, 1979 मध्ये. पण बेचाळिसाव्या वर्षी पूर्व आफ्रिकेच्या दौऱ्यावर खेळलेले ते दद्दा सैन्यातून निवृत्त झाल्यावर पतियाळाला मुलांना हॉकी शिकवत होते. त्यांना निरोप दिला तो इथल्याच हिरोज मैदानावर.

अण्णासाहेब कर्वे मोठे होते, त्यांच्याकडे पाहून छाती दडपते. मला जास्त धीर येतो तो माझ्या सासूबाईंच्या आठवणीने.

सासूबाई साठीत फार कडवट होत्या. मामंजी अचानक गेले आणि त्यांनी स्वयंपाकघर सोडले, देवळात जाणे सोडले, माझ्या हातचे काहीच त्यांना पसंत पडेना. ती सहा-सात वर्षे आम्हा दोघींनाही जड गेली. एका दिवाळीत शेजारची पंजाबी सून, नवरा सीमेवर, एकटीच घरी, आमच्याकडे आली आणि म्हणाली, मांजी, वो जालीवाली मिठाई सिखा दो. सासूबाई कितीतरी दिवसांनी उठल्या. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, सावलीत सुकवायचे, ओलसर असतानाच कुटून चाळायचे, गूळ घालून गोळा बांधून मुरू द्यायचा. त्या मुलीने वहीत सगळे लिहून घेतले. पुढल्या वर्षी आणखी दोघी आल्या. मग दर दिवाळीला आमच्या ओट्याशी चार-पाच फौजी घरांतल्या सुना असायच्या, केरळची एक, गढवालची एक, आणि सासूबाई पाटावर मध्ये. त्या अचानक गोड झाल्या असे मी म्हणणार नाही. रागवायच्या तशाच. पण आता त्या रागाला काम मिळाले होते.

शेवटची चार वर्षे त्यांना दिसत नव्हते. तरी अनारसे तळताना त्या शेजारी खुर्ची घेऊन बसायच्या. अनारसा उलटायचा नसतो, खसखशीची बाजू वर राहते, झाऱ्याने तूप वर उडवत राहायचे. तुपात सोडला की आधी चरचर जोरात होते, मग कमी होत होत जाळी पडते. तो आवाज खाली आला की त्या म्हणायच्या, "आवाज बसला गं, काढ आता." डोळे उघडे असलेल्या आम्ही सगळ्या चुकायचो, त्या चुकायच्या नाहीत. परवा अनारसे करताना माझ्या ध्यानात आले की मीसुद्धा कढईकडे न बघता कान देऊन उभी होते.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगायची आहे. मास्टरजींच्या उंबऱ्यावर नातू आहे. सासूबाईंकडे ती पंजाबी सून आली. जिथे सुया ओवायला कुणीच येत नाही, तिथे बसून कुणाला तुमची वृत्ती चांगली ठेवा म्हणणे मला क्रूर वाटते. 2011 च्या जनगणनेत आपल्या देशात साठी ओलांडलेली माणसे दहा कोटींहून जास्त होती. आता ती कितीतरी अधिक असणार, आणि त्यातल्या किती घरांची कडी दिवसभर वाजत नसेल. सदर बाजारात अजून इतके बरे आहे की दूधवाल्याला दार उघडले नाही तर तो पुढल्या घरी जाऊन सांगतो. आमच्या मंडळातल्या तीन मुलींनी गेल्या चैत्रापासून एक काम अंगावर घेतले आहे. आठवड्यातून एकदा एकेका घरी जायचे, औषधाच्या पट्टीवरची बारीक अक्षरे वाचून मोठ्या अक्षरांत लिहून द्यायची, मोबाइलमध्ये काय अडले ते सोडवायचे, आणि चहा घेतल्याशिवाय उठायचे नाही. चहाची अट त्यांनी स्वतःच घातली.

त्या मुलींनीच आजी-आजोबांकडून ऐकून लिहून आणलेला मजकूर या अंकाच्या निम्म्याहून अधिक पानांत आहे. इंजिनात कोळसा टाकणारे एक आजोबा आहेत, त्यांनी वाफेवरच्या गाडीचा आवाज चढावर कसा बदलतो ते सांगितले आहे. गणेश मंदिराच्या उत्सवात पन्नास वर्षे टाळ धरलेल्या एक आजी आहेत. ज्या मंदिरात राणीसाहेबांचे लग्न लागले तेच हे मंदिर. दोघांनीही "माझ्याकडे सांगण्यासारखे काय आहे?" अशीच सुरुवात केली होती. गोडसे भटजींनाही आग्रह करावा लागलाच होता.

शेवटचे पान यंदा कोरे ठेवले आहे. जाहिरात मिळत होती, घेतली नाही. घरात जे सर्वांत वडील असतील त्यांच्यापुढे हे पान ठेवा आणि त्यांनी पाहिलेली एकच गोष्ट विचारा. लांबलचक आयुष्य नको, एखादी विहीर पुरे. त्यांचा हात कापत असेल तर तुम्ही लिहा, पण त्यांचे शब्द बदलू नका. कागद पातळ आहे, शाईचे पेन वापरू नका, पलीकडे उमटते. पान कात्रीने कापून आमच्याकडे पाठवा. अक्षर वाचता आले नाही तरी तसेच पाठवा, आम्ही बसून लावू.