खोटा वाटणारा दिवा

गेल्या अंकात कुकरच्या शिट्टीविषयी लिहिले होते. त्यावर काही बहिणींनी कळवले की शिट्टी अडली की आम्ही चमच्याने टकटक करतो आणि विसरून जातो. या वेळची गोष्टही अशाच एका इशाऱ्याची आहे. फक्त ती स्वयंपाकघरातली नाही, मोटारीतली आहे, आणि घडली शारजात.

माझा भाचा तिकडे नोकरीला आहे. कोकणातल्या आपल्या कितीतरी घरांतली मुले तिकडेच आहेत. त्याने चार वर्षे पैसे साठवून एक जुनी जपानी स्पोर्ट्स कार घेतली. दोन दरवाज्यांची, जमिनीला टेकलेली, वयाने त्याच्याहून मोठी. माझी बहीण अजून म्हणते, “तेवढ्यात घरावर स्लॅब पडला असता.” असो. शौक ज्याचा त्याचा.

जूनमध्ये एका रात्री त्याचा फोन आला. “सलाम खाला. गाडीत कूलंट कमी असल्याचा दिवा लागतो आणि बझर वाजत राहतो. कूलंट तर भरलेलं आहे. मिस्त्री म्हणतो, ‘झूठी बत्ती है, तार बॉडी को जोड देता हूँ.’ देऊ का जोडून? जुम्म्याला आम्हा दोघांना फुजैराला जायचंय.”

शारजाहून फुजैरा शंभरावर किलोमीटर, वाटेत डोंगर, आणि जूनचे ऊन.

मी विचारले, “दिवा खोटा आहे हे कशावरून ठरवलंस?”

“बाटली भरलेली दिसते ना, खाला!”

मी मोटार दुरुस्त करणारी बाई नाही. शाळेत विज्ञान शिकवते. पण मुलांना रोज सांगते, उत्तर लिहिण्याआधी पडताळा घ्या. तेच त्याला सांगितले. मग रोज रात्री फोनवर आमची तपासणी सुरू झाली.

पहिली गोष्ट अशी की बाटली भरलेली दिसणे हा पुरेसा पुरावा नाही. पुष्कळ जुन्या गाड्यांत ती प्लास्टिकची बाटली नुसती साठवणीची असते. इंजिन तापले की रेडिएटरमधले जास्तीचे कूलंट झाकणाच्या झडपेतून बाटलीत येते आणि इंजिन थंड झाले की परत ओढले जाते. झाकणाचे रबर कडक झाले किंवा मधल्या नळीला चीर गेली, तर हे परत ओढणे थांबते. मग बाटली काठोकाठ भरलेली आणि रेडिएटरच्या माथ्यावर मात्र हवा, असे होऊ शकते. सगळ्या गाड्यांची रचना अशी नसते. पोर्शच्या १९९६ साली आलेल्या पहिल्या बॉक्स्टरमध्ये रेडिएटर पुढे, इंजिन मधोमध आणि कूलंटची टाकी मागच्या डिकीत आहे. तिथे टाकीतली पातळीच पाहायची. म्हणून आपल्या गाडीची रचना कोणती, हे तिच्या पुस्तकातून आधी समजून घ्यावे.

भाच्याच्या गाडीत रेडिएटरचे झाकण उघडूनच पाहावे लागणार होते. इथे मी त्याला दटावले, “सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना. त्याआधी हात लावायचा नाही.” कारण तेच, कुकरचे. वातावरणापेक्षा एक किलो जास्त दाबाखाली पाणी सुमारे १२० अंशांना उकळते. गरम रेडिएटरमध्येही जवळपास असाच दाब असतो. झाकण उघडताच दाब सुटतो आणि उकळते पाणी नि वाफ सरळ तोंडावर येते.

तीन दिवस पहाटे त्याने पाहिले. रेडिएटर गळ्यापर्यंत भरलेला होता. बाटलीवर चिकटपट्टी लावून पातळीची खूण केली होती, ती हलली नाही. गाडीखाली ओल नव्हती, आत पायाखालचा गालिचा कोरडा होता, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर नव्हता. रेडिएटरवर हातपंप लावून थंड इंजिनावरच दाबाची चाचणीही केली. पंधरा मिनिटांत काटा खाली आला नाही. एवढे झाल्यावर मी म्हटले, “आता म्हण, दिवा खोटा असेल.”

त्याने विचारले, “पण टेम्परेचरचा काटा तर पहिल्यापासून मधोमधच होता. तेवढ्यावरून नसतं का चाललं?” नसते चालले. जुन्या गाड्यांत काटा बराच वेळ मध्यावरच राहावा अशी रचना पुष्कळदा असते. शिवाय कूलंट इतके उतरले की तापमापक कोरडा पडला, तर तो पाण्याचे नाही, हवेचे तापमान सांगतो. इंजिन करपत असताना काटा शांत राहू शकतो. म्हणून तर पातळीचा दिवा वेगळा दिलेला असतो.

आता दिवा खोटे का बोलतो ते पाहू. या गाडीत रेडिएटरच्या वरच्या भागात धातूची एक कांडी बसवलेली आहे. माझदाच्या १९८५ ते १९९१ च्या आरएक्स-७ मध्येही हीच पद्धत आहे. कांडी कूलंटमध्ये बुडालेली असली की त्यातून किंचित वीज बॉडीपर्यंत पोचते आणि दिवा विझलेला राहतो. पातळी उतरली की कांडी उघडी पडते, मंडल तुटते, दिवा लागतो. आठवीच्या वर्गात आपण लिंबूपाण्यात दोन तारा बुडवून दिवा लावतो आणि डिस्टिल्ड वॉटरमध्ये तो लागत नाही, तोच हा प्रयोग. म्हणजे कांडीवर क्षाराचा थर चढला, प्लगमध्ये हिरवा गंज धरला, कांडीभोवती हवेचा बुडबुडा अडकला किंवा वाटेत तार तुटली, तरी दिव्याला वाटते की कूलंट संपले. नुसते डिस्टिल्ड वॉटर भरले तरी कधी असे होऊ शकते. त्यावर उपाय नळाचे पाणी नाही. त्याने रेडिएटर क्षाराने भरतो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर पुस्तकात दिलेल्या प्रमाणात मिसळावे, ते बहुधा निम्मे-निम्मे असते.

मग मी म्हटले, “आता मिस्त्रीची युक्ती करून पाहा. कांडीचा प्लग काढ आणि त्याची तार बॉडीला टेकव.” तो हसला, “मग मिस्त्रीचं काय चुकलं होतं?” मी म्हटले, “तू दोन मिनिटं टेकवणार आहेस, तो कायमची टेकवणार होता.”

तार टेकवल्यावर दिवा विझला तर आतले मंडल ठीक आणि दोष कांडीचा. तरीही दिवा लागलेलाच राहिला तर दोष तारेचा किंवा आतल्या पेटीचा. काही गाड्यांत कांडीऐवजी चुंबक लावलेला तरंगता तुकडा आणि काचेचा छोटा स्विच असतो. तिथे मंडल उलटही असू शकते. म्हणून ही चाचणी पुस्तकातला नकाशा बघूनच करावी.

भाच्याकडे दिवा विझला. कांडी काढली तर तिच्यावर काळपट खपली होती. बारीक पॉलिश पेपरने घासली, प्लग साफ केला, झाकण उघडे ठेवून थंड इंजिन चालू केले, हीटर पूर्ण गरमवर ठेवला आणि बुडबुडे यायचे थांबेपर्यंत हवा काढली. दोन दिवस शांतता. तिसऱ्या दिवशी इंजिन तापल्यावर दिवा पुन्हा लागला. या वेळी तार टेकवूनही तो विझेना. तार बोटाने हलवली की लुकलुके. इंजिनाजवळ उष्णतेने तिचे आवरण तडकले होते आणि आतले तांबे तुटत आले होते. फूटभर तार बदलली. खर्च चहापाण्याएवढा.

म्हणजे दिवा खोटाच होता, मिस्त्रीचे म्हणणे बरोबर निघाले. पण तार कायमची बॉडीला जोडली असती, तर त्या दिवसापासून दिव्याने “सगळे ठीक” एवढेच सांगितले असते. पुढे एखादी नळी खरोखर फुटली असती तरी तेच. ही वेळ जुन्या गाडीवर येतेच. आरएक्स-७ सारख्या रोटरी इंजिनात तर एकदा जादा तापले की कूलंट आत अडवणाऱ्या रबरी कड्या निकामी होतात आणि अख्खे इंजिन खोलावे लागते. आणि ते घडणार कुठे? फुजैराच्या डोंगरात, दुपारी, सोबत घरची माणसे.

त्या जुम्म्याला ती दोघे मित्राच्या गाडीतून गेली. स्वतःची गाडी महिनाभराने नेली.

आता भाचा दर महिन्याला एक गोष्ट करतो. थंड इंजिनावर कांडीचा प्लग काढतो, चावी फिरवतो आणि दिवा लागतो का ते बघतो. लागला की प्लग परत लावतो. दिवा विझलेला असणे पुरेसे नाही. गरज पडली तर तो लागेल, याचीही खात्री हवी.

वाटेत असा दिवा लागलाच, तर तो खरा की खोटा हा वाद चालत्या गाडीत घालू नये. कडेला थांबावे, इंजिन बंद करावे, तासभर जाऊ द्यावा. आणि एक विशेष सूचना घरातल्यांसाठी. कूलंट गोड लागते, पण ते विष आहे. सांडलेले लगेच धुवावे, उरलेले पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नये. लहान मुले त्याला फसतात, आणि मांजरांनाही ते घातक ठरते.

परवा बहिणीचा फोन होता. म्हणाली, “स्लॅब राहिला तो राहिलाच.” मग जरा थांबून म्हणाली, “आपल्या कुकरची शिट्टीही एकदा बघून घे गं.”