बॉयलरखालची राख

गळीत हंगामात शिरोली एमआयडीसीच्या रस्त्यावरून जाताना कोल्हापूरचे दोन्ही धंदे दिसतात: एकीकडे फाउंड्र्या, दुसरीकडे उसाच्या ट्रॉल्या. मागे उरणारे ढीगही दोन: फाउंड्र्यांची जळकी वाळू आणि बगॅसची, म्हणजे उसाच्या चोथ्याची, राख. इथे बोलायचे ते राखेबद्दल.

टनभर ऊस गाळला की पाव टनाहून जास्त बगॅस निघतो. तो बॉयलरमध्ये जळतो आणि राख उरते. तिच्यात सिलिका भरपूर. नीट जळलेली राख बारीक दळली, तर सिमेंटमधून सुटणाऱ्या चुन्याशी तिची रासायनिक गाठ पडते आणि काँक्रीट घट्ट होते. प्रयोगांत तिने साधारण १० ते २० टक्के सिमेंटची जागा घेतली आहे. जगाच्या कार्बन उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सुमारे ७ ते ८ टक्के आहे, हे लक्षात घेतले की या राखेचे मोल कळते.

अडचण एकच: प्रत्येक बॉयलरची राख वेगळी. अर्धवट जळलेला कोळसा उरला, तर ती पाणी पिते. म्हणून आधी चाचणी, मग मिश्रण. सुरुवात घराच्या स्लॅबपासून नको, कारखान्याच्या आवारातल्या पेव्हर ब्लॉकपासून करावी. त्यासाठी शिरोलीच्या उद्योजकांनी आणि साखर कारखान्यांनी एकत्र बसावे, ही विनंती.