टेस्लाला बिचारा म्हणू नका

एडिसनने टेस्लाचे शोध ढापले, बँकर मॉर्गनने त्याचा फुकट विजेचा मनोरा बंद पाडला आणि बिचारा कफल्लक होऊन मेला. ही कथा व्हॉट्सअ‍ॅपवर अधूनमधून येतेच. तिच्यातलं शेवटचं तेवढं खरं.

एडिसनचा सगळा धंदा डीसीचा, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेचा. एसीला, म्हणजे दिशा बदलत राहणाऱ्या विजेला, तो पाण्यात पाहायचा; मग तीच वीज तो चोरेल कशाला? टेस्लाची एसीची पेटंटं १८८८ मध्ये वेस्टिंगहाउस कंपनीने रीतसर पैसे मोजून घेतली. पुढे १९१७ मध्ये अमेरिकेतल्या विद्युत अभियंत्यांनी टेस्लाला पदक दिलं. त्या पदकाचं नाव एडिसन पदक!

मॉर्गनने दीड लाख डॉलर दिले ते अटलांटिकपार बिनतारी संदेश पाठवायला. डिसेंबर १९०१ मध्ये मार्कोनीने ते साधल्याचं जाहीर केलं, तर टेस्लाची योजना फुगतच चालली: आता संदेशाबरोबर वीजही पाठवायची. सावकाराने हात आखडता घेतला, यात कट कसला? आणि हवेत सोडलेली वीज लांब जाता जाता पांगते, तो नियम काही मॉर्गनने केलेला नाही.

टेस्लाचा खरा मोठेपणा विहिरीवरच्या मोटारीत आहे. जुन्या मोटारीत फिरत्या भागाला वीज द्यायला ब्रश लागत. ते झिजत, ठिणग्या उडत. टेस्लाने जागच्या जागी असलेल्या वेटोळ्यांत मागेपुढे चढणारे प्रवाह सोडले आणि चुंबकक्षेत्रच गरगर फिरवलं. रोटर आपसूक त्याच्यामागे ओढला जातो. शेतकऱ्याला हे पुस्तकाविना ठाऊक आहे: एक फेज गेला की बटण दाबूनही मोटार नुसती घूं करते, आणि दोन वायरींची अदलाबदल झाली की उलटी फिरते.

इथे तो एकटा नव्हता, हेही सांगायला हवं. तुरिनचा फेरारिस स्वतंत्रपणे तिथेच पोचला होता. आपल्याकडच्या तीन फेजच्या मोटारीची घडण जर्मनीत काम करणाऱ्या डोब्रोव्होल्स्कीने बसवली. पण जनित्रापासून मोटारीपर्यंतची अख्खी साखळी टेस्लाने पेटंटांत मांडली, आणि तिच्याच जोरावर नोव्हेंबर १८९६ मध्ये नायगाराची वीज चाळीसेक किलोमीटरवरच्या बफेलोत पोचली.

हळहळणाऱ्यांनी एकदा रिवाइंडिंगच्या दुकानात जाऊन उघडलेली पंपाची मोटार पाहावी. तांब्याची वेटोळी दिसतील, मधला रोटर दिसेल. ब्रश सापडणार नाही.