जुन्या चपलेचा बेडूक

ओझरला बाणगंगेच्या बंधाऱ्यांत पाणी साठले की काठावर गळ टाकून बसलेली मुले दिसू लागतात. त्यांचा डोळा असतो मरळीवर. काटे कमी, मांस घट्ट, त्यामुळे हा मासा घरी आला की अम्मीही खूश. पण मरळ बेडकावर लवकर झडप घालते. म्हणून पुष्कळजण जिवंत बेडकाच्या पाठीत गळ खुपसतात आणि तो तडफडत असताना पाण्यावर नाचवतात. या महिन्यात आम्हाला याच गोष्टीवर बोलायचे आहे.

पाण्यातली शिकार कुरआनने आपल्यासाठी हलाल केली आहे (सूरह माइदा, आयत 96). मात्र जिवंत प्राण्याला नेमबाजीचे लक्ष्य करू नका, अशी सक्त ताकीदही हदीसमध्ये आहे. जिवंत किडा किंवा बेडूक गळाला टोचणे अनेक उलमांनी नापसंत ठरवले आहे, ते याच कारणाने. मग मरळ सोडून द्यायची का? गरज नाही. बेडूक नकली असला तरी मरळ फसते, आणि तो घरच्या घरी तयार होतो.

1936 च्या सुमारास फिनलंडमधील लाउरी रापाला या गरीब मच्छीमाराने हेच केले. मोठा मासा थव्यातल्या लंगडत पोहणाऱ्या दुबळ्या माशावरच तुटून पडतो, हे त्याने होडीतून पाहिले होते. त्याने कॉर्क कोरून लहान मासा घडवला, चमक यावी म्हणून त्यावर चॉकलेटची चांदी गुंडाळली आणि फोटोच्या जुन्या निगेटिव्ह वितळवून वरून लेप दिला. चाल जमेपर्यंत तो कोरत राहिला. पुढे त्याच्या नावाची आमिषे जगभर विकली गेली. सुरुवात मात्र घरातल्या टाकाऊ वस्तूंनी झाली होती.

आपल्याकडे त्यासाठी जुनी स्पंजची चप्पल पुरे. तिच्या तळव्यातून बोटभर लांब, दोन सेंटीमीटर रुंद तुकडा कापा आणि एक टोक निमुळते करा. ते बेडकाचे तोंड. पोटाला चीर देऊन जुळ्या गळाची दांडी आत बसवा. दोरा बांधायचे डोळे तोंडातून बाहेर यावे आणि दोन्ही टोके वर वळून पाठीला टेकावीत. मग ती पाणवनस्पतीत अडकत नाहीत. मागे रबराच्या दोन पट्ट्या लावल्या की पाय झाले. चीर पंक्चरच्या सोल्युशनने बंद करा. कापण्याचे आणि गळ बसवण्याचे काम मोठ्यांनी करावे. मुलांनी आकार आखावा आणि वही सांभाळावी.

खरे काम यापुढे आहे. पहिला नमुना बहुधा फसतो. तो बादलीत सोडा आणि तीन गोष्टी पाहा. बेडूक उलटा तर होत नाही ना? तोंड किंचित वर राहते का? चिमटीत दाबल्यावर गळाची टोके स्पंजाबाहेर येतात का? ती आली नाहीत तर मरळ आमिष तोंडात धरेल आणि तसेच सोडून देईल. मग स्पंज मऊ निवडा किंवा पाठ थोडी तासा. उलटत असेल तर पोटाला मागच्या बाजूस वजन द्या. एका वेळी एकच बदल करा आणि प्रत्येक नमुन्याला क्रमांक देऊन वहीत नोंद ठेवा. दोन बदल एकदम केले तर कशामुळे जमले ते कळत नाही. 1964 पासून ज्या गावाशेजारी एचएएलचा विमान कारखाना आहे, तिथल्या घरांना तपासणीचे महत्त्व निराळे सांगायला नको.

वजनासाठी शिसे मात्र वापरू नका. ते सुमारे 327 अंशांवर वितळते, म्हणून घरातल्या शेगडीवर सहज ओतता येते आणि तिथेच धोका आहे. त्याची वाफ आणि भुकटी लहान मुलांच्या मेंदूला इजा करते. शिशाचे कोणतेही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. शिशाची गोळी दातांनी चावून दोऱ्यावर बसवण्याची सवयही तितकीच वाईट. पाण्यात पडलेले शिसे पक्षी गिळतात. हंस मरू लागले म्हणून ब्रिटनने 1987 मध्ये गळाच्या शिशाच्या वजनांवर बंदी आणली. आपल्याच निफाड तालुक्यात नांदूर मध्यमेश्वरचे पक्षी अभयारण्य आहे, हे विसरू नये. लोखंडी नट किंवा पितळी वायसरने तेच काम होते.

बेडूक जमला तरी तो कुठे टाकायचा नाही, हेही मुलांना शिकवा. पावसाळ्यात पाण्यावर लालसर पिलांचा पुंजका हलताना दिसला तर समजावे, खाली मरळीची जोडी राखणीला आहे. तिथे पडलेल्या आमिषावर ती भुकेने येत नाही, पिलांना वाचवायला येते. त्यामुळे ती सहज सापडते आणि मागे राहिलेली पिले इतर मासे फस्त करतात. एका जेवणासाठी शेकडो मरळी घालवणे हा कुठला हिशेब? तसेच धरण-तलावांतली मासेमारी बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेली असते. तिथे परवानगी घ्यावी. तो कुणाच्या तरी घरचा रिझ्क आहे.

रविवारच्या दुपारी मोबाइल बाजूला ठेवून अब्बा आणि मुले एका बादलीभोवती बसली तर मरळ मिळो न मिळो, हाताला सफाई आणि मनाला सब्र मिळेल, इन्शाअल्लाह. आपला कितवा नमुना सरळ तरंगला, ते आम्हाला जरूर कळवा.